सकाळी दोन खोकी, संध्याकाळी घर

सकाळी सात वाजता तिथे काँक्रीटची नुसती चौकट असते. मांडीइतक्या उंचीच्या भिंती, आत पोकळी, भोवती उकरलेल्या मातीचे ढीग. रस्त्याकडेला लांबलचक ट्रेलरवर दोन अजस्र खोकी उभी असतात, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये आवळून बांधलेली. रेल्वेचे दोन डबे कुणी पार्सल करून पाठवावेत तशी. एका बाजूला क्रेन पाय फाकवून उभी. शेजारची माणसं अंगणात खुर्च्या टाकून, हातात कॉफीचे मग घेऊन बसलेली, कारण असा फुकटचा तमाशा रोज बघायला मिळत नाही. संध्याकाळी पाच वाजता त्याच जागी घर असतं. वर छप्पर, खिडक्यांना काचा, स्वयंपाकघरात ओटा, ओट्याखाली कपाटं, न्हाणीघरात बेसिनवर आरसा. आरशाला तडा गेलेला नसतो.

मला या सगळ्यात तो आरसाच चक्रावून टाकतो. भिंतीवर बसल्यानंतर तो शेकडो किलोमीटर हायवेवरून धावलेला असतो. मग भिंतीसकट, जमिनीसकट, छतासकट हवेत उचलला गेलेला असतो. आपल्याकडे घर बदलताना रिक्षातून नेलेला आरसा धड पोचेल याची खात्री नसते.

अमेरिकेत, विशेषतः पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात, अशी घरं बनवणारे कारखाने कित्येक दशकांपासून आहेत. आपल्याकडे ‘मॉड्युलर’ हा शब्द किचनला चिकटून आला आणि तिथेच राहिला. तिथे मात्र ओट्याखालची कपाटंच नव्हे, तर ओट्यामागची भिंत, भिंतीतला नळाचा पाइप, पायाखालची फरशी आणि डोक्यावरचा दिवा, असा घराचा अख्खा तुकडा कारखान्यातून येतो. लहान घर दोन तुकड्यांचं, दुमजली घर चार-सहा तुकड्यांचं. आपण बांधकामाच्या जागी बघतो त्या पोर्टा केबिनची ही श्रीमंत, नीटनेटकी चुलत बहीण समजा. फरक एवढाच, की एकदा पायावर बसली की ती परत उठत नाही, आणि रंग वाळल्यावर शेजारच्या साध्या घरापासून वेगळी ओळखूही येत नाही.

मग असं घर बांधायला किती वेळ लागतो? एक दिवस, असं अंगणातला शेजारी सांगेल. कारखान्यातला सुतार म्हणेल, आठवडा-दोन आठवडे. ज्याचं घर आहे तो सुस्कारा टाकून म्हणेल, सहा महिने झाले. तिघंही खरंच बोलतायत. घड्याळ कुणी कुठून लावलं, एवढाच प्रश्न आहे, आणि मला वाटतं या विषयातली सगळी गंमत आणि सगळी फसवणूक त्या एका प्रश्नात आहे.

आधी आपलं नेहमीचं घर बघू. आमच्या गल्लीत एक बंगला गेली तीन वर्षं ‘होतो’ आहे. त्यात पैशाचा भाग असेल, भाऊबंदकीचाही असेल, पण या बांधकामाच्या स्वभावातच थांबणं आहे. पाया भरल्याशिवाय भिंत उठत नाही. भिंती उठल्याशिवाय सेंट्रिंग नाही, सेंट्रिंगशिवाय स्लॅब नाही. स्लॅब टाकला की पाणी मारत बसायचं, कारण काँक्रीट वाळत नसतं, ते पिकत असतं. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया सावकाश चालते. सात दिवसांत त्याला साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि पूर्ण ताकद मोजायची ती २८ दिवसांनी, असा इंजिनिअरांचा शिरस्ता आहे. तोवर खालच्या खोलीत टेकूंचं जंगल. मग वायरिंगवाला येतो आणि नुकत्याच बांधलेल्या भिंतीला छिन्नीने खाचा पाडतो. त्या बुजवायला गवंडी परत येतो, पण तो तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. मध्ये पाऊस. एकामागून एक उभी असलेली ही कामांची रांग आहे, आणि रांगेतला एक थांबला की मागचे सगळे थांबतात.

मॉड्युलर घराची युक्ती म्हणजे ही रांग मोडणं. कुकरमध्ये आपण खाली वरण, वर भात आणि त्याच्यावर बटाटे ठेवतो. तीन पदार्थ वेगवेगळे शिजवले तर तासभर जाईल. कुकरमध्ये तिघंही एकाच वेळी, एकाच वाफेवर शिजतात. इथेही तसंच. इकडे जमिनीत पाया खणला जातो, काँक्रीट आपल्या गतीने पिकत असतं, आणि त्याच दिवसांत तिकडे दोन-तीनशे किलोमीटरवर त्याच घराचं छप्पर तयार होत असतं. पाया नसताना छप्पर! घर एकाच वेळी दोन ठिकाणी असतं, आणि दोन्ही ठिकाणी अर्धवट.

कारखान्यात शिरलं की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की इथे माणसं जागेवर असतात आणि घर चालतं. रुळांवरून किंवा चाकांच्या गाड्यांवरून घराचा तुकडा एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर सरकतो. पहिल्या थांब्यावर नुसती जमीन तयार होते. लाकडी वाशांची जाळी, वर प्लायवूड, खिळे आणि गोंद. बाजूला मोठ्या टेबलांवर भिंती आडव्या पडून बनत असतात, कारण झोपलेल्या भिंतीवर काम करायला शिडी लागत नाही. डोक्यावरच्या क्रेनने ती भिंत उचलायची, जमिनीवर उभी करायची. ओळंबा-पाणसळीचा फार खटाटोप नाही, कारण ज्या साच्यात भिंत घडली तो साचाच काटकोनात आहे.

आणि मग येतो तो भाग, जो वाचून मी पुन्हा वाचला होता. हे घर आतून बाहेर बांधतात. आपल्याकडे काय किंवा अमेरिकेतल्या नेहमीच्या लाकडी घरात काय, आतली बाजू शेवटी बंद होते. आधी सांगाडा, मग वायरी, पाइप, आणि शेवटी आतून बोर्ड किंवा गिलावा. कारखान्यात नेमकं उलट. खोलीच्या आतल्या बाजूचा जिप्सम बोर्ड सगळ्यात आधी लागतो. भिंत आतून पूर्ण, बाहेरून उघडी. मग वायरमन आणि प्लंबर घराच्या बाहेर उभे राहून, उघड्या पाठीतून, वायरी आणि पाइप टाकतात. त्यानंतर उष्णता अडवणारा कापसासारखा थर आणि सर्वांत शेवटी बाहेरचं आवरण. म्हणजे आत रंगारी भिंत घासतोय आणि त्याच भिंतीच्या पाठीमागे वायरमन बटणाची पेटी जोडतोय, दोघांचा एकमेकांना धक्का नाही. कुणी कुणाची वाट बघत नाही. छिन्नीने खाचा पाडणं तर नाहीच. ज्याला हे प्रथम सुचलं त्याचं नाव मला माहीत असतं तर इथे मोठ्या अक्षरात लिहिलं असतं.

भिंत बंद झाल्यावर आत काय दडलंय ते गावच्या इन्स्पेक्टरला दिसणार नाही. म्हणून तपासणी कारखान्यातच, थांब्याथांब्यावर होते, आणि पास झालेल्या तुकड्यावर सरकारमान्य शिक्का चिकटतो. आरशाचं कोडंही इथेच सुटतं. या घराला आयुष्यात एकदा तरी भूकंपासारखा प्रवास करायचा आहे हे कारखान्याला माहीत असतं, त्यामुळे जागेवर बांधलेल्या घरापेक्षा त्यात लाकूड जास्त घालतात. बोर्ड नुसते स्क्रूने न बसवता फेसासारख्या गोंदाने सांगाड्याला चिकटवतात. सगळा तुकडा मिळून एक ताठ पेटी होते. पेटी वाकत नाही म्हणून भिंत चिरत नाही, आणि भिंत हलत नाही म्हणून आरसा शाबूत राहतो.

पहिल्या थांब्यापासून कारखान्याचं दार ओलांडेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे. बाहेर पाऊस पडो, बर्फ पडो, आत दिवे लावून काम चालूच असतं, आणि लाकूड भिजत नाही.

आता रस्ता. या घराचा आकार वास्तुविशारदाने ठरवला असं आपल्याला वाटेल, पण अर्धा आकार हायवे खात्याने ठरवलेला असतो. तुकड्याची रुंदी साधारण १६ फुटांपलीकडे नेता येत नाही, कारण त्याहून रुंद ओझ्याला रस्त्यावर परवानगी मिळणं अवघड. पुढे-मागे इशाऱ्याच्या गाड्या, बरीचशी वाहतूक फक्त दिवसाउजेडी. उंचीचा प्रश्न त्याहून बिकट. घराला उतरतं छप्पर हवं आणि वाटेतले पूल ठेंगणे. त्यावरचा तोडगा असा, की छपराला बिजागऱ्या लावायच्या. पूल ओलांडेपर्यंत ते पत्त्यांच्या डावासारखं चपटं पडून राहतं आणि जागेवर पोचल्यावर क्रेन त्याला शेंडीला धरून उचलते. घडीची खुर्ची असते, घडीची छत्री असते, हे घडीचं छप्पर.

आता परत त्या सकाळकडे. सातला क्रेन सज्ज. सहा-आठ माणसांची टोळी, त्यातला एकजण नुसता हाताने खुणा करणारा. पहिलं खोकं, वजन वीस टनांच्या आसपास, पट्ट्यांवर तोलून वर उठतं. चार कोपऱ्यांना दोर, प्रत्येक दोराला एक माणूस, बैलाला वळवावं तसं त्याला वळवणारा. पायाच्या भिंतीवर लाकडी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर ते टेकवायचं. मग दुसरं खोकं त्याच्या शेजारी. यांच्या ज्या बाजू एकमेकींना भिडणार त्या उघड्या असतात, फक्त प्लास्टिकने झाकलेल्या. दोन खोक्यांतली बोटभर फट चेनपुलीसारख्या यंत्राने खेचून मिटवतात आणि जाडजूड बोल्टांनी दोन्ही खोकी कायमची आवळतात.

या सांध्याला तिथले कारागीर ‘मॅरेज लाइन’ म्हणतात. लग्नरेषा. दोन तुकडे जिथे एक होतात ती भिंत म्हणजे ‘मॅरेज वॉल’. हे कळलं तेव्हा मला आपली ती घर बांधून आणि लग्न करून पाहायला सांगणारी म्हण आठवली. पेनसिल्व्हेनियातल्या सुताराने ती ऐकलेली असणं शक्य नाही. तरी त्याने दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत घातल्या.

उपमा पुढेही लागू पडते. कधीकधी कारखान्यात घर तयार, ट्रेलरवर चढवलेलं, आणि इकडे पायाच झालेला नाही. जमिनीखाली खडक लागला, किंवा काँक्रीटवाला आला नाही. वऱ्हाड दारात आणि मांडवाचा पत्ता नाही. मग ते घर प्लास्टिक पांघरून कुठल्यातरी मोकळ्या आवारात आठवडेच्या आठवडे पडून राहतं आणि त्याचं भाडं चढत जातं. दुसरी आपत्ती म्हणजे पाया झाला, पण गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. जागेवर बांधताना पाया थोडा वाकडा झाला तर गवंडी भिंत सावरून घेतो, सुतार चौकट घासतो, सगळे मिळून ती चूक हळूहळू पचवतात. कारखान्यातून आलेलं खोकं काहीच पचवत नाही. म्हणून क्रेन येण्याआधी पायाचे दोन्ही कर्ण पुन्हा पुन्हा मोजतात.

संध्याकाळपर्यंत छप्पर उघडून बसलेलं, पाऊस आला तरी चिंता नाही. शेजारी खुर्च्या आवरून आत जातात, आणि त्यांची गोष्ट संपते. घरमालकाची संपत नाही. एका खोक्यातल्या वायरी दुसऱ्या खोक्यातल्या वायरींना जोडायच्या, पाइप जोडायचे, लग्नरेषेवरचा बोर्ड आणि रंग बेमालूम करायचा, बाहेरच्या भिंतीची उरलेली आवरणं लावायची, पायऱ्या, ओसरी, सांडपाणी, वीज. याला सहज महिना-दीड महिना जातो, कधी दोन. त्याआधी नकाशे आणि परवानग्या यांत एक-दोन महिने गेलेले असतात, कधी त्याहून जास्त, कारण नगरपालिकेचं टेबल कुठल्याही कारखान्यात बनत नाही. शिवाय कारखान्याच्या रांगेत तुमचा नंबर लागायचा असतो. बेरीज केली तर ठरवल्यापासून राहायला जाईपर्यंत चार ते आठ महिने. जागेवर बांधलेल्या तशाच घरापेक्षा काही महिने कमी, पण ‘एक दिवस’ नव्हे.

आणखी एक किंमत मोजावी लागते, तिच्याबद्दल जाहिराती फार बोलत नाहीत. सगळं आधी ठरवावं लागतं. फरशी कुठली, खिडकी किती रुंद, बटण दाराच्या उजवीकडे की डावीकडे, हे पहिला वासा कापण्याआधी. आपल्याकडे स्लॅब पडल्यावर काकू येऊन सांगतात की देवघर ईशान्येला हवं होतं, आणि भिंत सरकते. अशा काकूंना कारखान्यात प्रवेश नाही. वाचलेल्या महिन्यांतले काही महिने खरं तर या मन बदलण्याचे असतात. ते चांगलं की वाईट, हे ज्याच्या त्याच्या काकूंवर अवलंबून.

ही कल्पना नवी वाटते, पण तिचा सर्वांत देखणा प्रयोग पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला तो अठराशे फुटांहून लांब, लोखंड आणि काचेचा. त्याचा कर्ता जोसेफ पॅक्स्टन हा मुळात बागकाम करणारा, काचेची उष्णगृहं बांधून हात बसलेला. जुलै १८५० च्या अखेरीस जागा ताब्यात आली आणि १ मे १८५१ रोजी उद्घाटन. नऊ महिने! काचेचं सर्वांत मोठं तावदान केवढं मिळतं त्यावरून पॅक्स्टनने सगळ्या इमारतीचं माप बेतलं, आणि मग त्याच मापाचे खांब, तुळया, तावदानं वेगवेगळ्या कारखान्यांत एकाच वेळी पाडायला घेतली. जवळजवळ तीन लाख काचा. छपरावरची पन्हळंच रूळ म्हणून वापरून त्यांवरून आच्छादित गाड्या चालवल्या, त्यांत बसून काच बसवणारे पावसातही काम करत. ऐंशी जणांनी एका आठवड्यात अठरा हजारांवर काचा बसवल्या. प्रदर्शन संपल्यावर सगळा महाल सुटा करून लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला नेला आणि पुन्हा उभा केला.

या महालाच्या कामात असलेला एक इंजिनिअर, रोलंड मेसन ऑर्डिश, याचा मुंबईशी संबंध आला. काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची जी लोखंडी सांगाड्याची जर्जर इमारत आहे, ती त्याने रचलेली. मूळ नाव वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात तिचे ओतीव खांब आणि तुळया इंग्लंडात घडल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि इथे एकमेकींना जोडल्या. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्‌चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात. सुट्या सुट्या चित्रांचा चित्रपट, सुट्या सुट्या तुकड्यांच्या इमारतीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिअर्स कंपनी कॅटलॉगमधून घरं विकू लागली. १९०८ ते १९४० या काळात सत्तर हजारांच्या आसपास घरं रेल्वेच्या वाघिणीतून लोकांच्या गावी गेली. मोजून कापलेलं लाकूड, खिळे, रंग, सोबत पुस्तिका. कंपनीचा स्वतःचा अंदाज होता की नेहमीच्या घराला सुताराचे ५८३ तास लागतात, तिच्या कापून दिलेल्या घराला ३५२. हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. ‘एका दिवसात’ असं काही नाही, फक्त करवतीचे तास वजा केलेत.

पण खरा थरार ब्रिटनचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने लाखो घरं पडली आणि युद्ध संपताना विमानांचे कारखाने रिकामे होणार होते. सरकारने दोन्ही अडचणी एकमेकींना जोडून दिल्या. विमानाच्या ॲल्युमिनियममधून बंगल्या! ‘एअरोह’ नावाचं हे घर चार कापांत यायचं, चार लॉऱ्यांवर, आणि जागेवर कापाला काप भिडवून बोल्ट आवळले की घर. भरात असताना कारखान्यांतून दर बारा मिनिटांनी एक घर बाहेर पडत होतं. अशी ५४,५०० घरं झाली. आत फ्रिज होता, आणि त्या काळात ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत तो नव्हता. ही घरं दहा वर्षांपुरती होती. माणसांनी त्यांत गुलाब लावले, पडदे शिवले आणि दशकानुदशकं राहिली. काही वस्त्या पाडायचं ठरलं तेव्हा रहिवाशांनी विरोध केला.

अलीकडे हे घड्याळ चीनच्या हातात आहे. चांगशा शहरात २०२१ मध्ये ब्रॉड ग्रुपने दहा मजली निवासी इमारत २८ तास ४५ मिनिटांत उभी केली. मालवाहू कंटेनरच्या मापात घडी घातलेले स्टीलचे तुकडे क्रेनने उचलले, जागेवर उलगडले आणि बोल्टने जोडले. भारतात मोहालीला २०१२ मध्ये दहा मजल्यांची इमारत ४८ तासांत झाली होती, आणि २०२२ मध्ये डीआरडीओने बंगळूरला सात मजली इमारत ४५ दिवसांत उभारली. चांगशातल्या बांधणीची चित्रफीत बघताना अंगावर काटा येतो. तरी विचारायचं ते हेच, की पहिली क्रेन हलण्याआधी कारखान्यात किती आठवडे गेले. २८ तास ४५ मिनिटं हा बांधणीचा वेळ आहे, बांधकामाचा नाही. साडी नेसायला पाच मिनिटं लागतात म्हणून ती पाच मिनिटांत विणली असं कुणी म्हणत नाही.

आणि कधीकधी जुळणीच फसते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ४६१ डीन स्ट्रीट या पत्त्यावर ३२ मजल्यांची इमारत ९३० तुकड्यांतून उभी करायची होती. त्या वेळची जगातली सर्वांत उंच मॉड्युलर इमारत म्हणून ती गाजली. तुकडे जवळच्याच कारखान्यात बनत होते. डिसेंबर २०१२ मध्ये काम सुरू झालं, दोनेक वर्षांत संपायचं होतं. तुकडे एकमेकांवर नीट बसेनात, पाणी झिरपू लागलं, विकासक आणि बांधकाम कंपनी कोर्टात गेले, काम कित्येक महिने ठप्प. रहिवासी राहायला आले तेव्हा २०१६ संपत आलं होतं.

आपल्या सुताराच्या मापाने सांगायचं तर हा सुताचा खेळ आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पेन्सिलच्या जाड रेघेएवढा. एक तुकडा एक सूत सरकला तर कुणाला दिसणारही नाही. पण बत्तीस मजले एकाच दिशेला एकेक सूत सरकत गेले तर वर चार इंचांचा फरक पडतो. चार इंच म्हणजे पाइप पाइपात जात नाही. गवंडी प्रत्येक मजल्यावर ओळंबा सोडून आधीच्या मजल्याची चूक मारतो, आणि त्याचा ‘फुकट गेलेला’ वेळ नेमका यातच गेलेला असतो.

आपल्याकडेही या वेगाची परीक्षा झाली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत एकाच दिवशी, प्रत्येकी हजारेक घरांचे, वेगवेगळ्या तंत्रांचे ‘लाइट हाउस’ प्रकल्प सुरू केले आणि प्रत्येकाला बारा महिन्यांची मुदत दिली. चेन्नईत काँक्रीटचे तयार भाग जोडून ११५२ घरं झाली, त्यांचं उद्घाटन मे २०२२ मध्ये. रांचीत त्याहून धाडसी प्रयोग होता. तिथे अख्ख्या खोल्याच काँक्रीटच्या ओतून एकीवर एक रचायच्या, म्हणजे आपल्या या गोष्टीचीच भारतीय आवृत्ती. कागदावर हे तंत्र वेगवान. उद्घाटनाला मार्च २०२४ उजाडला.

पण कधीकधी तातडी खरी असते. खालापूरजवळच्या इरसाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ राहायला जागा मिळाली ती कंटेनरच्या खोल्यांत. त्या अल्पावधीत आणल्या, ठेवल्या, वीज-पाणी जोडलं, आणि भर पावसात डोक्यावर कोरडं छत आलं, ते दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने आलं नसतं. पक्की घरं त्याच परिसरात बांधायला घेतली. दरडीला वर्ष पूर्ण झालं तेव्हाही माणसं कंटेनरमध्येच होती.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या घरात आता दीड महिन्यानंतर रंगाचा वास येतोय. प्लंबर शेवटचा सांधा आवळून मुख्य व्हॉल्व्ह उघडतो, स्वयंपाकघराचा नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. दिवाणखाना एका खोक्यातला आणि स्वयंपाकघर दुसऱ्यातलं, त्यामुळे घरातली पोरं दिवसभरात शंभरदा लग्नरेषा ओलांडतात. ती नेमकी कुठे आहे हे त्यांना शोधून काढायचंय. पोटावर पालथी पडून, गाल जमिनीला टेकवून, उजेडाच्या तिरिपीत ती फळ्यांकडे बघतायत. इन्स्पेक्टर यायचा आहे. गुरुवारी येतो म्हणालाय, कुठला गुरुवार ते सांगितलेलं नाही.